आयगरच्या पायथ्याशी

ग्रिंडेलवाल्ड, स्वित्झर्लंड, जून. सोलापुरात अजून घामाच्या धारा, आणि इथे मी स्वेटर घालून यजमान आजींबरोबर कापलेलं गवत उलटतेय. समोर ३,९६७ मीटरचा आयगर. गाई वरच्या कुरणांत गेल्यात. उन्हाळाभर तिथेच चरणार, चीजही तिथेच होणार. मी नेलेली कडक भाकरी आजींनी मोडून पाहिली अन् पहिलंच विचारलं, "ही किती दिवस टिकते?" चवीचं नंतर! शेतकरीण ती शेतकरीणच.

परक्या डोंगरात राबताना आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्या डोंगराळ मुलखात जखमी सैनिकांवर उपचार केले, चिनी शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यापुढे माझी ही सुट्टी म्हणजे निव्वळ चैन. उद्या पाऊस आहे म्हणे. गवत आजच आत घ्यायचंय.