उपासना : जवळ बसणे

वडील गेले त्या वर्षी आम्ही रविवारच्या उपासनेला जात होतो, पण गात नव्हतो. 'उपासना संगीत' हाती उघडे असे, ओठ मिटलेले. शेजारच्या वृद्ध बाई आमच्या वाट्याचेही गात असल्यासारख्या मोठ्याने गात, आणि किंचित बेसूरही. देवाला या गाण्याची गरज ती काय, असा प्रश्न तेव्हा राहून राहून पडे. ५०व्या स्तोत्रातला देव तर रानातले सारे पशू आपलेच असल्याचे सांगून बैलांचे यज्ञ नाकारतो. आमोस संदेष्टा त्याहून कठोर : न्याय नसेल तेथे देवाला गीतांचा गोंगाटही नकोसा होतो. मग उपासना कोणासाठी?

उत्तर आम्हांला धर्मशास्त्राआधी व्युत्पत्तीत सापडले. (भाषा शिकवणाऱ्यांची खोड, दुसरे काय!) उप आणि आस् : जवळ बसणे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीच्या गाण्यात अभंगाचा सूर आणला, तोही मुळात अनेकांनी मिळून गाण्याचा. प्रभुभोजनात हे अधिक कळते. एक उपाशी आणि दुसरा मद्याने धुंद, हे प्रभूचे भोजन कसले, असे पौलाने करिंथच्या मंडळीला खडसावले होते. देवाजवळ बसायचे ते शेजाऱ्यासकट.

नाताळाआधीच्या एका रविवारी, तिसऱ्या कडव्याला, आमचा आवाज फुटला. बाईंनी मान वळवली नाही. आपला आवाज मात्र थोडा खाली घेतला.