लाज सोडा, रक्त तपासून घ्या

हार्बरच्या लोकलमध्ये दाराजवळ उभे राहिले की डोळ्यांसमोर हमखास एक चिकटवलेला कागद दिसतो. गुप्त कमजोरी, निराशा, हमखास इलाज, आणि खाली मोबाईल नंबर. कोणी फाडला तर चार दिवसांत दुसरा लागतो. बंधूंनो, तो लागतो याचा अर्थ तो चालतो. डब्यातला एकही माणूस त्याकडे उघडपणे बघत नाही. पण गाडी मानखुर्द सोडून खाडी ओलांडेपर्यंत कुणीतरी तो नंबर पाठ केलेला असतो.

आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांची कागदपत्रे करून देतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, दवाखान्याचे अर्ज. भगिनी येतात आणि दुखणे सरळ सांगतात. पुरुष मात्र बाकीचे उठून जाईपर्यंत थांबतात आणि मग म्हणतात, "दादा, जरा बाजूला या." बाजूला गेल्यावरही अर्धा वेळ पावसापाण्याचे बोलणे होते. खरी गोष्ट निघते ती चप्पल घालताना.

तुर्भे बाजूच्या एका बंधूंची हकीकत सांगतो. नाव देत नाही. पण "लिहा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल," असे त्यांनीच सांगितले आहे. वय चाळीसच्या आत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात पाळीची नोकरी, महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. वर्षभरापूर्वी त्यांना धडधड सुरू झाली. बसल्या जागी छातीत इंजिन चालल्यासारखे व्हायचे. हात कापायचे, चहाचा कप बशीत वाजायचा. झोप नाही. मुलांवर खेकसायचे. जेवण नेहमीइतकेच, तरी पँट कमरेतून सुटायला लागली. आणि बायकोजवळ जाण्याची इच्छाच मेली. सहा महिने दोघांचे अंथरूण वेगळे.

वहिनी आमच्या घरी आल्या त्या रडतच. "भाऊजी, यांचं बाहेर काही आहे का, तुम्हीच विचारा. मला खरं सांगत नाहीत." हे ऐकून बंधूंचा चेहरा उतरला. बाहेर कसले काय? ते मनातल्या मनात स्वतःला नामर्द ठरवून बसले होते. कुणीतरी एका लॉजच्या खोलीत बसणाऱ्या 'वैद्या'चा पत्ता दिला होता. त्याने तीन बाटल्या आणि एक डबी दिली, आणि त्या पैशांसाठी वहिनींच्या कानातली फुले गहाण पडली. वहिनींना सांगितले होते, गावी पैसे पाठवायचे आहेत. एक दुखणे लपवायला घरात दोन खोटी बोलावी लागली आणि संसार मोडायच्या बेताला आला.

त्यांना आम्ही वाशीच्या महापालिका रुग्णालयात घेऊन गेलो. डॉक्टरांनी फार काही विचारले नाही. डोळे बघितले, गळा चाचपला, दोन्ही हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला. कागद थरथरला. रक्त तपासायला गेले आणि निदान आले, थायरॉईड वाढलेला. गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन आठवड्यांत धडधड उतरली, झोप यायला लागली. बाकीचे सुरळीत व्हायला तीन-चार महिने लागले. फुले अजून सोडवायची आहेत.

आता हे काय गौडबंगाल आहे ते समजून घेऊ. आम्ही बी.कॉम. झालेले, डॉक्टर नाही. जे विचारून आणि वाचून समजले ते सांगतो.

आपल्या शरीरात काही ग्रंथी आहेत. त्या रक्तात थेंबा-थेंबाने रस सोडतात. त्यांना हार्मोन म्हणतात, पुस्तकी मराठीत संप्रेरके. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. तिचा रस जास्त झाला की सगळेच जोरात चालते, म्हणून धडधड, घाम, कंप, विनाकारण भीती. कमी झाला की उलट. माणूस सुस्तावतो, वजन वाढते, मन उदास होते. आणि दोन्हीकडे शरीरसंबंधाची इच्छा जाऊ शकते. थायरॉईड म्हणजे बायकांचे दुखणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ते बायकांत जास्त आढळते हे खरे, पण पुरुषाच्या गळ्यातही तीच ग्रंथी असते!

दुसरा रस टेस्टोस्टेरॉनचा. तो पुरुषाच्या वृषणांत तयार होतो, पण हुकूम मेंदूचा. कचेरीतल्या माणसाला हे लगेच कळेल. मंत्रालयातून आदेश निघतो, जिल्हा कार्यालयात येतो, तिथून तालुक्याला काम लागते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, ते आपले जिल्हा कार्यालय. तिने आदेश दिला की वृषणे काम करतात. दाढी-मिशा, स्नायू, हाडांचा टणकपणा, इच्छा, उमेद यांत या रसाचा वाटा आहे. तो फार कमी झाला तर इच्छा मंदावते, थकवा येतो, चिडचिड होते, काहींना उदासी आणि चिंता घेरते. चाळिशीनंतर तो हळूहळू थोडा उतरतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण पोट सुटले, शुगर झाली, दारू रोजची झाली की तो जास्त उतरतो. पोटावरची चरबी या रसाचे रूपांतर बायकांमध्ये जास्त असणाऱ्या इस्ट्रोजेन या रसात करते, हे आम्हालाही नवीन होते.

आणि झोप. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आले. एका आठवड्यात! आमच्या एमआयडीसीतल्या बंधूंना रात्रपाळी करून घरी आल्यावर एका खोलीत मुले, टीव्ही, नळाचे पाणी यांमध्ये पाच तास तरी मिळतात का? 'आमचा माणूस चिडका झालाय' म्हणणाऱ्या भगिनींनी दिवसा त्याला अंधारात, शांततेत झोपता येते का, हेही बघावे. अर्थात एका खोलीच्या घरात ते सांगणे सोपे आहे, करणे नाही.

तिसरा रस प्रोलॅक्टिन. पिट्युटरीत छोटी गाठ झाली की तो वाढतो आणि इच्छा मारून टाकतो. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते आणि बऱ्याचदा गोळ्यांनीच आटोक्यात येते. काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते. ॲसिडिटी-उलटीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या काही गोळ्या त्यांत येतात, मनाच्या आजाराच्या काही गोळ्याही येतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. मनाच्या आजाराच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

पण सगळे खापर हार्मोनवर फोडणेही बरोबर नाही. घणसोलीचा एक तरुण, लग्नाला चार महिने झालेला, याच तक्रारीने आला होता. त्याचे सगळे रिपोर्ट चांगले निघाले. त्याला रोग नव्हता, धास्ती होती. पहिल्या रात्री जमले नाही, मग दुसऱ्या रात्री 'आज तरी जमेल का' ही भीती. भीतीत शरीर पळण्याची तयारी करते, रक्त हातापायांकडे धावते. तिथे बाकीचे काय होणार? त्यात डोक्यात बसलेले की लहानपणापासून 'धातू' गेली म्हणून ताकद संपली. ही समजूत आपल्या देशात इतकी जुनी आणि पसरलेली आहे की डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली तिला आजाराचे वेगळे नावच दिले. वीर्य गेल्याने ताकद जात नाही. ते शरीर पुन्हा तयार करते. त्या पोराला औषध लागले ते बोलण्याचे, नवरा-बायको दोघांना समोर बसवून.

हे छापायला कशाला हवे, कुटुंबात वाचला जाणारा अंक आहे, असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांना एक जुना खटला सांगावासा वाटतो. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचक त्यांना शरीरसंबंधाविषयी प्रश्न विचारायचे आणि ते सरळ उत्तरे द्यायचे. ती उत्तरे अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारणाऱ्याला शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, ही बाजू बाबासाहेबांनी भर कोर्टात घेतली होती. आणि गंमत बघा, टेस्टोस्टेरॉन हा रस शास्त्रज्ञांनी वेगळा काढला तो त्यानंतर एका वर्षाने, १९३५ साली, ॲमस्टरडॅमला. म्हणजे कर्व्यांना पत्रे लिहिणाऱ्या त्या घाबरलेल्या पुरुषांसाठी तेव्हा तपासणीच नव्हती. आज आहे. तरी आपला माणूस लॉजच्या खोलीचा जिना चढतो.

लोकलमधल्या त्या कागदांविषयी कायदाही आहे. १९५४ सालच्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने शरीरसुखाची ताकद वाढवण्याची औषधांची जाहिरात करणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कागद मात्र लागतच राहतात. या बाटल्या आणि डब्यांत नुसती पाने-मुळ्या असतात असे समजू नका. अशा 'हर्बल' मालात व्हायग्रातले सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले अनेकदा सापडले आहे. ज्यांना हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारख्या गोळ्या चालू आहेत त्यांचा रक्तदाब त्याने एकाएकी कोसळू शकतो, जीव जाऊ शकतो.

जिममध्ये जाणाऱ्या पोरांनीही ऐकावे. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन बाहेरून घेतले की मंत्रालयाला वाटते काम झाले, आदेश बंद. मग स्वतःची वृषणे थंडावतात आणि शुक्राणू तयार होणे थांबू शकते. मूल हवे असलेल्या माणसाने ताकदीसाठी इंजेक्शन घेणे म्हणजे घराचा पायाच उकरणे. ज्याला खरोखर गरज आहे त्याला डॉक्टर तपासून, लक्ष ठेवून देतात, ती गोष्ट वेगळी.

आता कामाचे सांगतो. ही तपासणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी करतात, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते. एकदा कमी आले म्हणून घाबरू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावे लागते. रात्रपाळीवाल्याने आपली पाळी डॉक्टरांना आधीच सांगावी, नाहीतर आकडा फसवतो. सोबत शुगर, थायरॉईड, रक्तदाब बघून घ्यावा. विशेषतः इच्छा आहे पण शरीर साथ देत नाही असे पन्नाशीच्या आत होत असेल तर हृदयही तपासावे. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी चोंदतात आणि हृदयाची सूचना कधीकधी काही वर्षे आधी मिळते. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापली जाते त्यांनी ते कार्ड वापरावे. गुंतागुंत निघाली तर परळच्या केईएममध्ये ग्रंथींच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. आणि नुसती धास्ती असेल, रात्री छाती भरून येत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

गेल्या आरोग्य शिबिरात आम्ही दारात एक खोका ठेवला होता. नाव न लिहिता पुरुषांनी प्रश्न टाकावेत म्हणून. दुपारपर्यंत तो रिकामा होता. मग आम्ही तो दारातून उचलून चपलांच्या रॅकमागे ठेवला. संध्याकाळी एकवीस चिठ्ठ्या निघाल्या, आणि त्यातल्या सहांचे अक्षर बायकांचे होते.