मागच्या गोळीचे ओझे

अहिंसेचे संस्कार ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहेत, तेथे बंदूक हा शब्द सहसा उंबरठा ओलांडून आत येत नाही. मुलाने वा मुलीने नेमबाजी शिकण्याची इच्छा दर्शवली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर पहिली आठी उमटते ती शस्त्राच्या नावाने आणि दुसरी खर्चाच्या आकड्याने. दुसरी रास्तच आहे. रायफल, अंगाला ताठ धरणारा विशेष पोशाख आणि दररोज संपणाऱ्या गोळ्या यांचा खर्च भल्याभल्यांना विचारात पाडतो. पहिली मात्र एकदा सराव पाहून आले की बरीचशी विरते. समोर पन्नास मीटरवर कोणताही जीव नसतो; असतात ती वर्तुळे. त्यांतले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे.

त्या गुंडीवर नेम धरण्यापूर्वी नेमबाजाला आवरावे लागते ते स्वतःला. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, नाडीचा ठोकाही नळीच्या टोकाला जाणवू द्यायचा नाही आणि चाप असा दाबायचा की बोटालाही घाई कळू नये. पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात हे तीन तऱ्हांनी साधायचे असते : गुडघ्यावर बसून, पोटावर पडून आणि उभ्याने. उभ्याने झाडणे सर्वांत कठीण, कारण जमिनीचा आधार फक्त दोन पावलांचा.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांची कसोटी या उभ्या स्थितीतच लागली. वडील शिक्षक. २००९ साली त्यांनी मुलाला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. पुढे रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी लागली, दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन लाभले. २०२२ साली कैरोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ते चौथे आले. त्या क्रमांकाने ऑलिंपिकची जागा मिळाली, पण ती देशाला. तिच्यावर आपले नाव लागावे म्हणून निवड चाचण्या पुन्हा द्याव्या लागतात. पेढी उघडून द्यायची आणि गादीवर बसण्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहायचे, असाच हा प्रकार.

पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळाले. वैयक्तिक अंतिम फेरीतही कुसाळे बराच काळ आघाडीवर होते. मग उभ्या स्थितीतली एक गोळी ७.६ वर गेली. जिथे एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण असतात आणि स्पर्धकांत दशांशांचे अंतर असते, तिथे हा खड्डा भरून निघत नाही. पुन्हा चौथा क्रमांक.

अशी एक गोळी माणसाच्या मनात किती दिवस घर करून राहत असेल? बाजारात बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कालच्या मंदीचा राग आजच्या सौद्यावर काढणारा दुसऱ्यांदा बुडतो, हे त्याने पाहिलेले असते. कधी स्वतःच्याच वहीत.

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरू येथे होती. कुसाळे ५९० गुणांसह सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत आले होते. त्या दिवशी काळ्या चहाखेरीज आपण काही घेतले नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले. गुडघ्यावरच्या पंधरा गोळ्यांनंतर ते सहावे होते, पोटावरच्या पंधरांनंतर पाचवे. मग उभ्याने झाडायच्या दहा. त्या संपताच दोघे बाद झाले आणि पुढे प्रत्येक गोळीला एक जण बाद होऊ लागला.

एकेचाळिसावी १०.५. बेचाळिसावी ९.४. हांगझोऊची सावली पडायला एवढे पुरेसे होते. रायफल पुन्हा खांद्याला लागली. त्रेचाळिसावी ९.९. चव्वेचाळिसावी १०.०. एकूण ४५१.४ आणि कांस्यपदक. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते बहात्तर वर्षांनी.

शेवटच्या गोळीसाठी चीनचा लियू युकुन आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश हे दोघेच उरले. कुसाळे यांनी रायफल खाली ठेवली.