गोड्या पाण्याची सोय

वय वाढू लागले की माणसाचा प्रवास आखूड होत जातो. आधी काशी-रामेश्वर सुटते, मग लेकीचे गाव, मग शेजारच्या पेठेतले लग्न. भवानी पेठेतील माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ मंडळी याची कारणे सांगतात ती गुडघ्यांची आणि डोळ्यांची. सून किंवा मुलगा औषधे आणायला बाहेर गेला, की आवाज खाली येतो आणि खरे कारण कळते : "डॉक्टर, वाटेत लघवीला कुठे जायचं?"

या प्रश्नाचे मोल मला नीट समजले ते माझ्या थोरल्या बहिणीबरोबर केलेल्या कोकणच्या प्रवासात. अक्का एकाहत्तर वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मेहुण्यांच्या दीर्घ आजारपणात ती सहा वर्षे सोलापूरच्या वेशीबाहेर गेली नव्हती. ते गेल्यानंतर वर्षभर तिने उंबरठाही क्वचितच ओलांडला. एकदा एका आजीबाईंच्या नातीची छायाचित्रे मी तिच्यापुढे वर्णन केली. ही मुलगी पाठीवर पिशवी टाकून मेक्सिकोच्या युकातान भागात हिंडत होती. तेथे तुलुम या ठिकाणी कॅरिबियन समुद्राच्या अगदी कड्यावर माया लोकांच्या नगरीचे अवशेष उभे आहेत. खाली पांढरी वाळू आणि निळे पाणी. अक्का म्हणाली, "मग आपलं मालवण काय वाईट आहे? मलाही एक पाठपिशवी आण."

जानेवारीत आम्ही निघालो. तिच्या पिशवीचे वजन मी तीन किलोंवर जाऊ दिले नाही. पट्टे दोन्ही खांद्यांवर आणि जड वस्तू पाठीला लागून. एकाच खांद्यावर लटकवलेली पिशवी तोल घालवते आणि ठिसूळ हाडांच्या वयात पडणे महागात जाते. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होतीच. चटणी बेताने, कारण तिला रक्तदाब आहे आणि मीठ तेथेही मोजले जाते.

पहिला मुक्काम कोल्हापूरला झाला. दुसऱ्या दिवशी घाट उतरून सायंकाळी मालवणला पोहोचलो. खोलीत ती पलंगावरून उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. रक्तदाब मोजण्याचे यंत्र बरोबर होते. आडवे असताना वरचा आकडा १३४ होता. उभी राहिल्यावर तो १०२ वर आला.

"अक्का, सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

"दोन घोट. ड्रायव्हरला दर तासाला गाडी थांबव म्हणू का मी?"

लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी मात्र तिने सकाळी नेमाने घेतली होती. गोळी शरीरातले पाणी बाहेर काढत होती आणि नवे पाणी आत येत नव्हते.

येथे थोडे शरीरशास्त्र सांगितले पाहिजे. वाढत्या वयात शरीरातील पाण्याचा साठाच कमी होतो. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती मंदावते. तहानेची जाणीवही बोथट होते, म्हणून 'तहान नाही' याचा अर्थ 'पाण्याची गरज नाही' असा होत नाही. त्यात आपण सोलापूरकर कोरड्या हवेचे. आपल्याकडे घाम लगेच वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. कोकणच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. पाणी आणि क्षार जातात, पण गारवा मिळत नाही. जानेवारीतही तेथील दुपार थकवते ती यामुळेच. पाणी कमी पडल्याची पहिली खूण कधी चक्कर असते, कधी गडद पिवळी लघवी, तर कधी अचानक असंबद्ध बोलणे. या शेवटच्या खुणेला घरचे लोक 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात, ते धोक्याचे आहे. लघवी दाबून ठेवल्याने जंतुसंसर्गाचीही शक्यता वाढते.

अक्काला पाय उंचावून निजवले आणि क्षार-साखरेचे पाणी घोटाघोटाने दिले. दुसरा दिवस विश्रांतीत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी, आम्ही होडीतून सिंधुदुर्गावर गेलो.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू झाले. चारी बाजूंना खारा समुद्र, आणि आत तीन गोड्या विहिरी : दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. किल्ल्यात आजही काही कुटुंबे नांदतात. अक्का दूधबावीच्या काठावर बराच वेळ बसून राहिली. शिक्षिका असल्याने तिला लगेच पुढचा प्रश्न पडला : त्या माया लोकांनी पाण्याचे काय केले असेल? युकातानच्या चुनखडीच्या जमिनीत पाणी मुरून जाते. वर नद्या जवळजवळ नाहीतच. जमीन खचून झालेल्या खोल नैसर्गिक कुंडांवर तेथील लोकांनी वस्ती केली. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दोघांनीही आधी पाणी पाहिलं, मग तट बांधला. आपण बसचं तिकीट आधी काढलं."

त्या संध्याकाळी आम्ही पुढचा प्रवास पुन्हा आखला. लांब पल्ल्याची एक गाडी टाळून दीड-दोन तासांचे छोटे टप्पे घेतले आणि प्रत्येक टप्प्याअखेर स्वच्छतागृह कोठे आहे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवले. कुणकेश्वरला देवदर्शन आणि वाळूत फेरफटका झाला, नंतर विजयदुर्ग. तिहेरी तटाचा, एके काळी घेरिया म्हणून ओळखला जाणारा हा किल्ला आम्ही जांभ्या दगडाच्या पायऱ्या एकेक करीत पाहिला. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या दोहोंचा २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. अक्का दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी पीत होती आणि चक्कर पुन्हा आली नाही.

काही गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे; स्वतःहून गोळी बंद करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे आणि क्षारांचे प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. शहाळे सर्वांनाच मानवते असे नाही : त्यात पोटॅशियम भरपूर असते, त्यामुळे मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे यांनी सल्ल्याशिवाय ते पिऊ नये. मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये. तापलेली वाळू आणि फुटका शिंपला बधिर पायाला कळत नाही. रोज रात्री तळवे तपासावेत. इन्सुलिन उन्हाच्या खिडकीशी ठेवू नये.

आणि काळजीवाहकांसाठी एक विनंती. २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. तिकिटाची अडचण बरीच सरली. संकोचाची मात्र तशीच आहे. तेव्हा आपल्या आईला, सासऱ्यांना एकांतात आणि साध्या शब्दांत विचारा की वाटेत किती वेळाने थांबावे लागेल. वारंवार थांबावे लागले तर चेष्टा करू नका, घड्याळ पाहू नका. तुमचा एक सुस्कारा त्यांना पुढच्या दिवसभर तहानलेले ठेवतो.

अक्काने पुढच्या वर्षासाठी हर्णैच्या सुवर्णदुर्गाचे नाव काढले आहे. परवा ती रस्त्याचा नकाशा घेऊन आली. त्यावर तिने पेन्सिलीने गोल केले होते, ते किल्ल्याभोवती नव्हे, वाटेतल्या थांब्यांभोवती.