आईने उकळलेले प्लायवूड

आमच्या कल्याणच्या घरातले स्वयंपाकघर २०११ साली पहिल्यांदा नव्याने केले, तेव्हा दुकानात उभी राहून मी फक्त रंग पाहिला. बाहेरून चकचकीत लाल, आतून पांढरे. आईला बरोबर नेले होते, पण विचारले काहीच नाही. तिने एका दाराची कड नखाने खरवडली आणि म्हणाली, "बाई, ह्यो तर भुसा हाय." मी तिला गप्प केले. दुकानदारासमोर मला तिची लाज वाटली, हे आज लिहायला हरकत नाही.

ती म्हणत होती ते खरेच होते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदासारख्या रसायनात कालवून दाबलेली फळी. उघड्या कडेतून किंवा स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरले की ती फुगते, आणि वाळली तरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आमच्या सिंकखालचा पाइप झिरपत होता. ते दुसऱ्या पावसाळ्यात लक्षात आले, तोवर तळ फुगून दार लागेनासे झाले होते. पुढच्या वर्षी बिजागरी स्क्रूसकट हातात आली. पतपेढीचे हप्ते मात्र अजून चालूच होते.

माझ्या आईने बावीस वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी केली. किती तऱ्हेचे ओटे तिच्या हाताखालून गेले असतील! कुठला दगड डाग धरतो, कुठली टाइल हळद सोडत नाही, हे तिला ठाऊक होते. त्या ओट्यांच्या मालकिणींनी तिला कधी विचारले नाही आणि मीही नाही.

मागच्या वर्षी पुन्हा काम काढले. या वेळी आईला खुर्ची देऊन मध्ये बसवले. सुतारदादांनी प्लायवूडचे दोन तुकडे आणले. दिसायला दोन्ही सारखेच. एकावर 'आयएस ७१०' असा शिक्का होता, म्हणजे मरिन प्लाय. दुसरे 'एमआर', म्हणजे नुसता दमटपणा सोसणारे. आई म्हणाली, "शिक्का काय, कोनीबी मारतंय. उकळून बघू." तिने एक निकामी डबा शोधला, खिडकी उघडली आणि दोन्ही तुकडे गॅसवर चढवले. चार तासांनी एमआरचे पापुद्रे जुन्या वहीसारखे सुटले. मरिन प्लाय तसेच राहिले. प्रमाणाप्रमाणे ते ७२ तास उकळून तपासतात. तेवढा सिलिंडर आमच्याकडे नव्हता. भगिनींनो, दुकानदाराकडे एक तुकडा जरूर मागा. तो द्यायला कां-कूं करील, तर पुढचे दुकान गाठावे.

एवढे करूनही आईचा प्रश्न उरलाच. "पर सिंकाखाली लाकूडच कशापायी?" शेवटी सिंक आणि सिलिंडरच्या भागात कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि कडप्प्याचाच कप्पा केला. प्लाय लागले ते फक्त दारांना आणि बाजूच्या कपाटांना. "मावशी, कडप्पा आता जुना झाला," सुतारदादा म्हणाले. "दार लावल्यावर आतला दगुड कुनाला दिसतोय?" यावर ते हसले. पैसेही वाचले. वर मात्र ग्रॅनाइटच घेतला, कारण कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू-चिंच सांडली की तो डाग धरतो. संगमरवराचेही तेच.

ओट्यामागच्या भिंतीला माझ्या मुलीला बारीक चौकटींच्या टाइल्स हव्या होत्या. नमुन्याच्या पत्र्यावर दिसतातही फार सुंदर. आईने नमुना हातात घेऊन नुसत्या सांध्यांवरून बोट फिरवले. "ह्या रेघा कोन घासनार?" फोडणीचे तेल आणि हळद टाइलवर राहत नाही, सिमेंटच्या सांध्यात शिरते. नात गप्प झाली. आम्ही दोन फूट बाय एक फुटाच्या गुळगुळीत, झिलई असलेल्या टाइल्स लावल्या. सांधेच कमी. शेगडीमागे तेवढे इपॉक्सी भरले. ते महाग पडते, पण पाणी आणि तेल शोषत नाही. गवंड्याला मात्र ते लगेच पुसून घ्यायला लावावे. आमच्याकडे एका कोपऱ्यात राहिले, ते वाळून दगड झाले आहे.

वरच्या कपाटांवरून आमचे जमले नाही. मला सगळे बंद हवे होते, धूळ नको. आईला भिंतीवर मांडणीच हवी होती. चाळीतल्या एका खोलीत तिची मांडणी दारातून दिसायची. घासूनपुसून लावलेली ताटे, उतरत्या क्रमाने डबे. स्वतःच्या कमाईची भांडी ती बंद दारामागे ठेवायला तयार होईना. माझी कपाटे झाली, आणि तिची मांडणी पलीकडच्या भिंतीवर, अगदी दारासमोर ठोकली. सुतारदादांनी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.