विरळणी

बार्शीच्या आमच्या बी-बियाण्यांच्या दुकानात मी नुकताच बसू लागलो होतो, त्या वर्षीची ही गोष्ट. परतीचा पाऊस लांबल्याने रब्बीच्या पेरण्या खोळंबल्या होत्या. अण्णा लग्नकार्यासाठी परगावी गेले होते आणि गल्ल्यावर मी एकटाच होतो. वैरागकडचे एक जुने गिऱ्हाईक आले. त्यांना आम्ही घरचे सगळे मामा म्हणत असू. तीन एकरांसाठी त्यांनी मालदांडीचे २४ किलो बियाणे मागितले. एकरी ४ किलो पुरते, हे मला पक्के ठाऊक होते.

"मामा, जास्त होत नाही का?" एवढे मी विचारलेही.

"मागल्या साली उगवण विरळ झाली, शेठ. औंदा दाट असू द्या."

मी पुन्हा विचारले नाही. माल तोलला, रोख पैसे घेतले. मागणाऱ्याने मागितले, आपण दिले, अशी मनाची समजूत घालायला वेळ लागत नाही.

अण्णांनी परतल्यावर रोजमेळ पाहिला आणि त्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. "उद्याच जा. वीस दिवसांच्या आत विरळणी करा, निम्म्याहून जास्त रोपं काढून टाका म्हणून सांग." पण दिवाळीची गर्दी होती, वसुली होती. मी गेलो तेव्हा पेरणी होऊन पाच आठवडे उलटले होते. शेत इतके हिरवेगार की काळी माती दिसू नये. माझ्या मनावरचे ओझे उतरले. तरीही निरोप सांगितला.

"उगवलेलं उपटायला हात होत नाही, शेठ," मामा म्हणाले. वनस्पतीतही जीव आहे, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या मला ते वाक्य फार सोयीचे वाटले.

ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ३० ते ३५ ग्रॅम भरते. म्हणजे किलोत सुमारे ३० हजार दाणे. दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकरात ६० हजारांच्या आसपास ताटे मावतात. मामांच्या एकरात जवळजवळ अडीच लाख दाणे पडले होते. रब्बीच्या ज्वारीला वरून पाऊस मिळत नाही. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच तिला दाणा भरावा लागतो. त्या गर्दीने पीक पोटरीत येण्यापूर्वीच ओल पिऊन संपविली. ताटे बोटाएवढी बारीक राहिली, कित्येकांना कणीसच आले नाही, आणि दाणे भरण्याच्या वेळी खडखड्या रोगाने बुंधे पोकळ होऊन अर्धे शेत आडवे झाले.

पुढे मुलगी वनस्पतिशास्त्र शिकू लागली, तेव्हा तिच्या पुस्तकात मला ते शेत पुन्हा भेटले. जपानमधील किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले होते, की ठरावीक दाटीच्या पुढे कितीही बी पेरले तरी जमिनीतून निघणारा एकूण पाला जवळपास तेवढाच राहतो. फक्त तो अधिक रोपांत वाटला जातो. धान्याचे गणित त्याहून कठोर आहे, कारण ठरावीक अंगलोट झाल्याशिवाय ताट दाणा धरीतच नाही. म्हणूनच चाऱ्यासाठी कडवळ मुद्दाम दाट पेरतात आणि ते योग्यच असते.

योदा, किरा, ओगावा आणि होझुमी यांनी १९६३ साली याच्याही पुढचे मांडले. एकाच वयाच्या दाट रोपांत वाढ होत जाते तसतशी काही रोपे मरत जातात, आणि उरलेल्यांचे वजन व संख्या यांत एक प्रमाण दिसते. संख्या चौथाईवर आली, तर एकेकाचे सरासरी वजन आठपट होते. माणसाने विरळणी केली नाही तर रान स्वतः करते. मात्र एक-दोन दिवस आधी उगवलेले रोप शेजाऱ्यावर सावली धरते, आणि तेवढ्या अंतरावरून कोण जगणार हे पुष्कळदा ठरून जाते. मरणारे रोपही मरेपर्यंत ओल पितच असते. उपटायला हात झाला नाही म्हणून तिथे एकही जीव वाचला नव्हता.

फाल्गुनात जादा १२ किलोंचे पैसे घेऊन मी वैरागला गेलो. अण्णांनी सांगितले नव्हते. त्यांनी तो विषय नंतर कधी काढलाच नाही. मामा खळ्यावर होते. कडब्याच्या गंजीकडे हात करून म्हणाले, "वैरण तेवढी झाली, शेठ." मी नोटा पुढे केल्या. नको म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी त्या घेतल्या, दोनदा मोजल्या, मुंडाशाच्या शेवात बांधल्या आणि मला चहा पाजला. पुढच्या हंगामात ते आमच्या दुकानावरूनच गेले. बियाणे मात्र त्यांनी दुसरीकडून नेले.