थंड पाण्याचे गाव

काही शहरे राजांनी वसविली, काही नद्यांनी पोसली, तर काही देवस्थानांच्या आश्रयाने वाढली. आफ्रिका खंडाच्या पूर्व भागातील नैरोबी हे शहर मात्र एका लोहमार्गाने जन्मास घातले. आज ते केनिया देशाची राजधानी आहे. २०१९ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे ४४ लक्ष लोक राहत होते. एवढ्या मोठ्या नगराचे वय पाहावे, तर ते जेमतेम सव्वाशे वर्षांचे! परंतु या लहानशा आयुष्यात एका प्रश्नाने त्याची पाठ कधीच सोडली नाही. शहर कोणाचे असते? ज्याच्या हाती सत्ता असते त्याचे, की जो तेथे घाम गाळतो त्याचे?

विषुववृत्त येथून फारसे दूर नाही. तरीही हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच असल्यामुळे येथील हवा शीतल व सुखद असते. लोहमार्ग येण्यापूर्वी येथे गवताळ पठार होते, दलदल होती आणि तिच्यातून वाट काढणारी एक लहानशी नदी होती. पशुपालन करणारे मसाई लोक आपली गुरे घेऊन या पाण्यावर येत. त्यांनी या जागेला नाव दिले होते ‘एन्कारे नैरोबी’, म्हणजे थंड पाणी. घरे नव्हती म्हणून ही भूमी बेवारस होती, असे मात्र नव्हे. गुरांच्या खुरांनी पडलेल्या पायवाटा हीच तिच्यावरील मसाईंच्या हक्काची निशाणी होती. परंतु नकाशे काढणाऱ्यांना त्या पायवाटा दिसल्या नाहीत.

इंग्रजांना किनाऱ्यावरील मोंबासा बंदरापासून आतल्या व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत आगगाडी न्यावयाची होती. १८९६ साली कामास आरंभ झाला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर व कारागीर जहाजांनी आणण्यात आले. त्यांत पंजाबातील लोकांचा भरणा अधिक होता. तीन वर्षांचा करार करून हे लोक समुद्रापार आले. काटेरी रान, पाण्याचे दुर्भिक्ष, हिवताप आणि हगवण यांच्याशी झगडत ते रूळ टाकीत पुढे सरकू लागले. १८९८ मध्ये त्सावो नदीवर पुलाचे काम चालू असता दोन नरभक्षक सिंहांनी कित्येक महिने तेथे थैमान घातले. रात्री तंबूतून माणूस ओढून न्यावा आणि सकाळी उरलेल्यांनी पुन्हा कामास लागावे, असे ते दिवस होते. १९०१ च्या अखेरीस रूळ सरोवराला जाऊन भिडले, तेव्हा सुमारे अडीच हजार हिंदी कामगार मृत्युमुखी पडले होते. मार्गाची लांबी लक्षात घेतली, तर दर मैलामागे चार माणसे! गाडीत बसणाऱ्या प्रवाशाला मैलाचे दगड दिसत. ही माणसे मात्र कोणास दिसत नसत.

या मार्गाच्या साधारण मध्यावर, मोंबासापासून सुमारे ५३० किलोमीटर अंतरावर, मसाईंचे ते थंड पाणी होते. पुढे उभा चढ आणि त्यानंतर खोल दरी होती. अवघड चढण चढण्यापूर्वी सामान साठविण्यास व इंजिने दुरुस्त करण्यास सपाट जागा हवी होती. म्हणून १८९९ साली रुळांचे टोक येथे पोहोचताच तंबू पडले, कारखाना उभा राहिला, पत्र्याची घरे झाली आणि पाठोपाठ दुकाने आली. शहर वसवावे, असा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. लोहमार्गाची सोय एवढाच हेतू होता. त्याचे परिणामही लवकरच भोगावे लागले. दलदलीत सांडपाणी साचे आणि डासांचे थवे माजत. १९०२ साली प्लेग उद्भवला, तेव्हा अधिकाऱ्यांनी हिंदी बाजार जाळून टाकविला. गाव अन्यत्र हलवावे, अशी चर्चाही पुढे झाली. पण तोवर कारखान्यात आणि इमारतीत पैसा इतका गुंतला होता की, हलविणे शक्य झाले नाही. १९०५ मध्ये राज्यकारभाराचे ठाणेही मोंबासाहून येथेच आले. एका विसाव्याच्या स्थानकाची अशी राजधानी झाली.

परंतु या राजधानीत सर्वांना सारखे स्थान नव्हते. पश्चिमेकडील उंच, झाडीच्या टेकड्यांवर गोऱ्यांचे बंगले झाले. हिंदी लोकांच्या वस्त्या बाजाराच्या आसपास निराळ्या पडल्या. आफ्रिकी लोकांना पूर्वेकडील सखल भागात दाटीवाटीने राहावे लागे. ज्यांची ही मायभूमी, त्यांनीच येथे पाहुण्यासारखे राहावे, काम संपताच निघून जावे, अशी राज्यकर्त्यांची अपेक्षा होती. पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ नावाचा परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. बोटांचे ठसे असलेला तो कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. आपल्याच देशात चालताना आपली ओळख गळ्यात टांगून हिंडावे, याहून मोठा अपमान कोणता?

हा अपमान एका तरुणाला सहन झाला नाही. हॅरी थुकू हा नैरोबीतील सरकारी कचेरीत टेलिफोनवर काम करणारा तरुण होता. परवाना, वाढते कर आणि वेठबिगार यांविरुद्ध त्याने सभा घेतल्या. मार्च १९२२ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा हजारो माणसे पोलिस ठाण्यापुढे जमली. पुढारी वाटाघाटी करून परतले आणि लोकांनी घरी जावे, असे सांगू लागले. गर्दी पांगण्याच्या बेतात होती. तोच मेरी मुथोनी न्यानजिरू ही स्त्री पुढे झाली. तिने पुरुषांच्या भ्याडपणाचा कडक शब्दांत धिक्कार केला आणि ती जमावाला घेऊन संगिनींच्या रोखाने निघाली. गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसे ठार झाली आणि मेरीही त्यांत पडली. त्या जागेजवळून जाणाऱ्या रस्त्याला आज हॅरी थुकू याचे नाव आहे.

करार संपल्यावर सुमारे सहा हजार सातशे हिंदी कामगार या प्रदेशातच राहिले होते आणि व्यापारीही आले होते. त्यांच्यात दुकानाच्या हिशेबापलीकडे न पाहणारे होते. तसेच शेजाऱ्याचे दुःख आपले मानणारेही होते. माखनसिंग हे कामगार पुढारी अशांपैकी एक. १९५० च्या मार्च महिन्यात इंग्रज राजाच्या सनदेने नैरोबीला ‘नगर’ हा दर्जा मिळाला. त्या समारंभावर त्यांच्या संघटनेने बहिष्कार पुकारला. पुढच्याच महिन्यात एका सभेत माखनसिंगांनी पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. त्याबद्दल त्यांना अकरा वर्षांहून अधिक काळ बंदिवास भोगावा लागला. गोमंतकीय कुळातील पियो गामा पिंटो यांचा तर जन्मच नैरोबीचा. त्यांनीही याच लढ्यासाठी कैद सोसली.

याच काळात महाराष्ट्राचा एक पुत्र नैरोबीत होता. सातारा भागातील औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ साली स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून तेथे गेले. प्रजेच्या हाती कारभार सोपविणाऱ्या राजाच्या घरात ते वाढले होते; त्यामुळे रंगावरून माणसांना वेगळे बसविण्याची रीत त्यांना मानवली नाही. त्यांच्या घराचे दार आफ्रिकी पुढाऱ्यांसाठी उघडे असे. गांधीजींच्या स्मरणार्थ हिंदी लोकांनी तेथे निधी जमविला, तोही सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकता यावे म्हणून. त्या निधीच्या आधाराने वाढलेले महाविद्यालयच पुढे १९७० मध्ये नैरोबी विद्यापीठ झाले. पंतांची ही आपुलकी गोऱ्या सरकारला मात्र रुचली नाही आणि १९५४ साली त्यांना नैरोबी सोडावी लागली.

ते दिवस फार कठीण होते. १९५२ च्या ऑक्टोबरात आणीबाणी पुकारण्यात आली आणि जोमो केन्याटा यांना अटक झाली. एप्रिल १९५४ मध्ये सैन्याने सारे शहर वेढले, घरोघर झडती घेतली आणि वीस हजारांहून अधिक आफ्रिकी माणसांना छावण्यांत डांबले. परंतु स्वातंत्र्याची ओढ छावणीच्या तारांनी थोपविता येत नाही. १९६३ च्या डिसेंबरात, बारा तारखेच्या मध्यरात्री, नैरोबीत इंग्रजांचा ध्वज उतरला आणि केनियाचा ध्वज चढला. केन्याटा पंतप्रधान झाले. ‘हरांबे’, म्हणजे सारे मिळून ओढू या, हा त्यांचा मंत्र होता. गोऱ्या जमीनदाराच्या नावाचा रुंद रस्ता आता केन्याटांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

तथापि रस्त्याचे नाव बदलले, म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. १९८९ साली सत्ताधाऱ्यांनी शहराच्या मध्यावरील उहुरू उद्यानात, म्हणजे स्वातंत्र्य उद्यानात, साठ मजली इमारत बांधण्याचा घाट घातला. झाडे लावणाऱ्या स्त्रियांची चळवळ उभारणाऱ्या वांगारी मथाई यांनी त्यास विरोध केला. ज्या गरिबाच्या झोपडीला अंगण नाही, त्याने रविवारी मुलाबाळांसह बसावे कोठे, हा त्यांच्या विरोधामागील साधा विचार होता. त्यांनी पत्रांमागून पत्रे लिहिली. सत्ताधाऱ्यांनी त्यांची हेटाळणी केली, पण त्या ढळल्या नाहीत. अखेर पैसा पुरविणारे मागे सरले आणि इमारत बारगळली. नगरातील दुसरी एक बाग, जीवनजी नावाच्या हिंदी व्यापाऱ्याने १९०६ साली लोकांना दिलेली, हीदेखील १९९१ मध्ये अशाच संकटात सापडली. तिच्या रक्षणासाठी त्यांची नात पुढे आली आणि ती बागही वाचली. मथाई यांना २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज नैरोबीत उंच मनोरे आहेत. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचे मुख्यालय आहे. नगराच्या सीमेला लागून १९४६ पासून राखलेले अभयारण्य आहे आणि तेथे इमारतींच्या पार्श्वभूमीवर जिराफ चरताना दिसतात. २०१७ साली मोंबासाहून नवा लोहमार्ग आला. त्याच वर्षी केनियाच्या सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. पण जुना लोहमार्ग अजूनही किबेरा नावाच्या दाट वस्तीतून जातो. तेथे पत्र्याच्या खोल्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि थंड पाण्याच्या या गावात पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते.

त्या वस्तीतील माणसे पहाटे उठतात आणि कोणी इमारतीवर, कोणी कारखान्यात, तर कोणी बंगल्यातल्या कामावर पायी जातात. शहर रोज सकाळी त्यांच्याच पावलांनी जागे होते. रूळ टाकणाऱ्या मजुरांची नावे जशी कोणी लिहून ठेवली नाहीत, तशीच यांचीही कोणी लिहीत नाही. ज्या दिवशी त्यांच्याही दारात स्वच्छ पाणी येईल, त्या दिवशी मसाईंनी ठेवलेले ते जुने नाव सार्थ होईल. आणि शहर कोणाचे, हा प्रश्न कोणाला विचारावा लागणार नाही.